छपरासाठी, गाडीसाठी, यंत्रांसाठी पैसा : संस्थाचालकांचे प्रश्न

इमारत आणि यंत्रसामग्रीसाठी अनुदान कुठून मिळेल, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा या अंकात घेतली आहेत. दोन उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे अर्ज फेटाळला जाण्याची कारणं बाहेरून दिसत नाहीत.

प्रश्न : आमचं वाचनालय देवस्थानाच्या जागेत तोंडी परवानगीवर तीस वर्षं चालू आहे. मंगलोरी कौलांचं छप्पर गळतं, पावसाळ्यात कपाटांवर प्लास्टिक घालावं लागतं. छप्पर दुरुस्त करून शेजारी वाचन-खोली बांधायची आहे. खासदार निधी मिळेल का? नाहीतर अर्ज कुठे करावा?
— सचिव, वाचनालय, पेडणे तालुका

उत्तर : खासदार निधीचा विचार सध्या सोडा. धार्मिक स्थळाच्या आवारात किंवा धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जमिनीवर त्या निधीतून काम घेता येत नाही. वाचनालय सगळ्यांसाठी खुलं असलं तरी एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या नोंदीवर, नाव देवस्थानाचं आहे, आणि तिथेच प्रस्ताव थांबतो. पुढे दुसरी जागा मिळाली आणि खासदारांकडे गेलात, तर एवढं ध्यानात ठेवा की खासदार फक्त शिफारस करतात. पैसा जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेतून कामावर खर्च होतो, संस्थेच्या खात्यात येत नाही.

पैसा देणारा कुणीही असो, इमारतीच्या अर्जात तो सगळ्यात आधी जमिनीचे कागद उघडतो. तीस वर्षांचा ताबा आणि गावाचा पाठिंबा यांनी त्याचं समाधान होत नाही. म्हणून तुमचं पहिलं काम नोंदणीकृत भाडेपट्ट्याचं. देवस्थानच्या महाजनांच्या (नोंदलेल्या सभासदांच्या) आमसभेत ठराव घ्या. गोव्यात मामलेदार हे देवस्थानांचे प्रशासक असतात, त्यामुळे पुढची मंजुरी त्यांच्यामार्फत मागा. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची सब-रजिस्ट्रारकडे नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडे स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारून घेण्याची सवय आहे, पण तो कागद अनुदानासाठी उपयोगाचा नाही. मुदत तीस वर्षांपेक्षा कमी मागू नका. पाच वर्षांचा पट्टा उरलेल्या जागेवर वीस लाखांची खोली बांधायला कुणी पैसे देत नाही.

कुणी भाटकार (जमीनमालक) स्वतःची जागा दान द्यायला तयार असेल, तर गोव्याच्या कायद्यातल्या दोन गोष्टी तपासून घ्या. इथे लग्नानंतर मालमत्ता सहसा पती-पत्नीची सामायिक धरतात. दानपत्रावर दोघांपैकी एकाचीही सही राहिली तर ते टिकत नाही. शिवाय मुलंबाळं असलेल्या माणसाला आपल्या मालमत्तेचा अर्धा भागच मर्जीने देता येतो, उरलेला अर्धा वारसांसाठी राखीव असतो. वडिलोपार्जित जागेची इन्व्हेंटरी (वारसांतली कायदेशीर वाटणी) व्हायची असेल, तर ती होईपर्यंत दानपत्र करू नका. जागा कुळाची होती का, हेही पाहा. कूळ कायद्याने कुळाच्या नावावर झालेली जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरण्यावर १९९१ च्या कायद्याने बंदी आहे. जमीन बिगरशेती करण्याची सनद, नगर नियोजन खात्याची मान्यता आणि पंचायतीचा बांधकाम परवाना यानंतरच्या गोष्टी आहेत. समुद्रकाठी किंवा खाडीजवळ असाल तर किनारी नियमन क्षेत्राचीही परवानगी लागेल.

आता पैशाकडे येऊ. दुरुस्ती आणि नवी खोली एकाच अर्जात घालू नका. छप्पर हे छोटं काम आहे. बहुतेक कौलारू छपरांत गळती आढ्याजवळ आणि दोन उतार मिळतात त्या खोबणीत असते. कुजलेल्या रिपा आणि एखाद-दुसरा वासा बदलला, खोबणीत नवा पत्रा घातला आणि धड कौलं धुऊन पुन्हा चढवली तर भागतं. त्यासाठी गावातल्या देणग्या पुरतात, आणि त्या घ्याव्यातच. गावाने स्वतः किती घातले, हा पुढच्या अर्जातला सगळ्यात बोलका आकडा असतो. काम मे संपायच्या आत उरका.

वाचन-खोली, कपाटं आणि पुस्तकांसाठी कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान मदत करतं. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखालची ही संस्था १९७२ पासून सार्वजनिक ग्रंथालयांसाठी काम करते आहे. तिच्या काही योजनांत राज्य सरकारचा वाटा असतो, काही पूर्णपणे प्रतिष्ठानच्या असतात. मात्र कोलकात्याला थेट अर्ज पाठवून उपयोग नाही, राज्याच्या ग्रंथालय समितीची शिफारस लागते. म्हणून पाटो-पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात आधी जाऊन बसा आणि कला व संस्कृती खात्याच्या ग्रंथालयविषयक योजनाही तिथेच विचारा. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे कायद्याने त्यांना समाजकार्यावर खर्च करावा लागणारा नफ्याचा वाटा, हा तिसरा रस्ता. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक ग्रंथालयं नाव घेऊन नमूद आहेत.

अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरपत्रकावरून, इंजिनियरच्या सहीनं करून घ्या. समजा बांधकाम वीस लाखांचं आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख ६० हजार. बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का, म्हणजे २० हजार. वाढीव खर्चासाठी ५ टक्के धरले तर १ लाख. आर्किटेक्टची फी सोडून आकडा २४ लाख ८० हजारांवर गेला. जीएसटीची वजावट आपल्यासारख्या संस्थेला मिळत नाही, त्यामुळे वीस लाख मागणारी संस्था जवळपास पाच लाखांनी उघडी पडते आणि खोली लिंटलपर्यंत येऊन उभी राहते. दरपत्रकातल्या दरांत कर धरलेला आहे की नाही, हे इंजिनियरकडून लिहून घ्या.

रॅम्प पहिल्या नकाशातच दाखवा. उतार १ : १२ हवा. आपल्याकडे पावसामुळे जोतं उंच घेतात. ते ६० सेंटिमीटर असेल तर रॅम्प ७.२ मीटर लांब होतो. मागाहून जोडायचा म्हटलं तर अंगणात तेवढी जागा उरत नाही, आणि मग कुणीतरी दोन मीटरचा घसरगुंडीसारखा उतार करून ठेवतं. त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही.

प्रश्न : विशेष मुलांसाठी आमचं केंद्र आहे. थेरपीचं साहित्य आणि मुलांना आणण्यासाठी गाडी हवी आहे. कंपन्यांना पत्रं पाठवली, उत्तरं येत नाहीत. एका कंपनीने 'सीएसआर-१ आहे का' एवढंच विचारलं.
— विश्वस्त, सांगे

उत्तर : त्या कंपनीने योग्य तेच विचारलं. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यावर व्यवसायात असलेल्या सीए, कंपनी सेक्रेटरी (सीएस) किंवा कॉस्ट अकाउंटंटची डिजिटल सही लागते. त्याआधी १२ए (आता १२एबी, संस्थेच्या करमाफीसाठी) आणि ८०जी (देणगीदाराच्या करसवलतीसाठी) अशा प्राप्तिकराच्या दोन्ही नोंदण्या हव्यात, आणि त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. बोलताना सगळे जुनीच नावं घेतात, पण अर्जात नवे क्रमांक सीएकडून तपासून लिहा.

सगळे कागद असूनही अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावामुळे. नोंदणीच्या दाखल्यावर 'सोसायटी', पॅनवर 'संस्था', बँकेच्या पासबुकावर 'केंद्र'. संगणक या तिघांना तीन वेगवेगळ्या संस्था समजतो. पोर्टल उघडण्याआधी दाखला, पॅन, बँक खातं आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद एका रांगेत ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. सोसायटी म्हणून नोंद असेल तर दरवर्षी आमसभेनंतर कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे दिली आहे का, तेही पाहा. बऱ्याच संस्थांची शेवटची यादी दहा वर्षांपूर्वीची निघते आणि तीत सही करणारे आता हयात नसतात.

कुणाला लिहायचं? सीएसआर सगळ्या कंपन्यांना लागू नाही. लगतच्या मागच्या आर्थिक वर्षात निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मत्ता ५०० कोटी, यांपैकी एक तरी आकडा गाठलेल्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. म्हणून मुंबईच्या मोठ्या नावांमागे लागण्याआधी वेर्णा, कुंडई आणि कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांची यादी करा आणि त्यांचे वार्षिक सीएसआर अहवाल संकेतस्थळावर वाचा. मागच्या वर्षी कुणाला, कशासाठी, किती दिले हे तिथे लिहिलेलं असतं. दोन लाखांच्या वर एकही प्रकल्प न घेणाऱ्या कंपनीकडे पंधरा लाखांची गाडी मागणं म्हणजे दोघांचाही वेळ घालवणं. सांगे तालुका खाणपट्ट्यात येतो, त्यामुळे जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडेही प्रस्ताव द्या. त्या निधीत शिक्षण, आरोग्य आणि दिव्यांग कल्याण हे अग्रक्रमाचे विषय आहेत.

वेळही सांभाळा. कंपनीचं वर्ष मार्चअखेर संपतं. ज्या रकमेला चालू (बहुवर्षीय) प्रकल्पाचा दर्जा नाही आणि जी खर्च झाली नाही, ती सहा महिन्यांच्या आत सरकारी निधीत जमा करावी लागते. म्हणून जानेवारी ते मार्चमध्ये कंपन्यांना लगेच खरेदी होईल अशी वस्तू हवी असते. तुमच्या साहित्याचा प्रस्ताव डिसेंबरात कोटेशनांसकट तयार हवा. इमारतीचं उलट. ती एप्रिल-मेमध्ये मांडा, म्हणजे कंपनी तिला बहुवर्षीय प्रकल्प म्हणून मंजूर करू शकते. असा प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवता येतो. फेब्रुवारीत इमारतीचे पैसे हाती आले तर पाया खणेपर्यंत मे उजाडतो आणि जूनमध्ये चर पाण्याने भरतात.

सीएसआरमधून घेतलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती सीएसआर क्रमांक असलेल्या संस्थेच्या, लाभार्थींच्या गटाच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावे असावी लागते. गाडी संस्थेच्याच नावावर घ्या. 'सध्या एका विश्वस्ताच्या नावावर करू, नंतर बदलू' हे अजिबात नको.

आता साहित्याकडे बघा. झोपाळे आणि टांगायची थेरपी-साधनं कौलारू छपराच्या वाशाला लावता येत नाहीत. मूल झोके घेतं तेव्हा हुकावर त्याच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. स्लॅबमध्ये नीट बसवलेला हुक हवा, नाहीतर जमिनीवर उभी राहणारी लोखंडी चौकट. ती चौकट आणि बसवण्याचा खर्च कोटेशनमध्ये आहे का ते पाहा, बहुधा नसतो. आपल्या दमट हवेत साध्या रंगाचं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजतं. पावडर कोटिंग किंवा ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील असं शब्दांत लिहून मागा. तीन पुरवठादारांना एकच तपशीलपत्रक द्या. तिघांनी तीन वेगळ्या वस्तूंचे दर दिले तर ती तुलना होत नाही, आणि लेखापरीक्षक ती मान्य करत नाही. वॉरंटी संपल्यानंतरच्या पाच वर्षांचा देखभालीचा दरही त्याच कोटेशनवर लिहून घ्या.

गाडीसोबत ड्रायव्हर, डिझेल, विमा, फिटनेस आणि टायर येतात. हे कोण भरणार, याचा तक्ता अर्जाला जोडा. दरमहा अमुक पालकांकडून, अमुक सरकारी अनुदानातून, अमुक देणगीदाराकडून, असा. गाडी मिळाली आणि ड्रायव्हरच्या पगाराअभावी शेडमध्ये उभी राहिली, अशा संस्थांमुळेच देणारे हल्ली गाडीला आढेवेढे घेतात.

प्रश्न : आमच्या नाट्यमंडळाला प्रकाश आणि ध्वनीचं साहित्य घ्यायचं आहे. केंद्राची योजना आहे असं ऐकतो.
— फोंडा

उत्तर : आहे. संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत तालमीची आणि प्रयोगाची जागा उभारून ती सुसज्ज करण्यासाठी इमारत अनुदान आहे. महानगरांबाहेर त्याची मर्यादा २५ लाख रुपये. स्वतःचा वाटाही दाखवावा लागतो. पण ही योजना जागेभोवती आखलेली आहे. स्वतःची किंवा पट्ट्यावरची जागा नसलेल्या, भाड्याच्या सभागृहांत प्रयोग करणाऱ्या मंडळाला तिचा उपयोग कमी. तुम्ही राज्याच्या कला व संस्कृती खात्याकडे आणि सीएसआरकडे जा. साहित्य कमीच मागा, पण ते ठेवायला कोरडी खोली आणि वाहून न्यायला कप्प्यांच्या पेट्या त्याच मागणीत घाला. डिमर आणि मिक्सर पावसाळ्यात बुरशीने जितके बिघडतात, तितके वापराने बिघडत नाहीत.

प्रश्न : लंडनला असलेला माझा पुतण्या गावच्या आरोग्य केंद्राला रुग्णवाहिका देऊ म्हणतो. त्याचा पासपोर्ट पोर्तुगीज आहे. त्याने त्याच्या म्हापशाच्या बँक खात्यातून रुपयांत दिले तर चालेल ना? आमची संस्था दोन वर्षांची आहे.
— म्हापसा

उत्तर : चालणार नाही. गोव्यातल्या संस्था ही चूक पुन्हा पुन्हा करतात, म्हणून सविस्तर लिहितो. परकीय योगदान नियमन कायदा २०१० पासपोर्ट पाहतो. पैसा कुठल्या चलनात आला किंवा देणारा कुणाचा नातेवाईक आहे, याला तिथे अर्थ नाही. पोर्तुगीज नागरिक झालेला गोंयकार ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड बाळगत असला तरी कायद्याने परकीय स्रोतच. त्याने भारतातल्या खात्यातून रुपयांत दिलेली देणगीही परकीय योगदान ठरते. रोख पैशाऐवजी गाडी घेऊन दिली तरी तेच.

याउलट भारतीय पासपोर्टवर आखातात काम करणारा किंवा बोटीवरचा तारवटी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ते परकीय योगदान नाही. अशा देणगीबरोबर पासपोर्टची प्रत घेऊन फाइलला लावून ठेवा.

पुतण्याचे पैसे घ्यायचेच असतील तर या कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी लागते. नियमित नोंदणी तुम्हाला आत्ता मिळणार नाही. तिला तीन वर्षांचं काम आणि त्या तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. 'पूर्वपरवानगी' मात्र मागता येते. ती एकाच देणगीदाराकडून, ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या रकमेची असते. पुतण्याचं लेखी वचनपत्र जोडून एफसी-३बी अर्ज करायचा. पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत उघडलेल्या खात्यातच यावे लागतात. परवानगी येण्याआधी एक रुपयाही घेऊ नका. आधी घेऊन ठेवलेली लहानशी रक्कम नंतरच्या अर्जाला आडवी येते.

एकदा नोंदणी झाली की जपान सरकारच्या तळागाळातल्या प्रकल्पांसाठीच्या मदत योजनेसारखे दरवाजेही उघडतात. ती योजना मुख्यतः इमारत आणि उपकरणांसाठी आहे, पगार आणि चालू खर्च त्यात बसत नाहीत.

प्रश्न : एक सल्लागार म्हणतो, पन्नास लाख मिळवून देतो, दहा टक्के माझे. द्यावेत का?
— वास्को

उत्तर : नाही. अर्ज लिहून देण्याची ठरावीक फी, पावती घेऊन, संस्थेच्या स्वतःच्या पैशातून द्यायला हरकत नाही. मंजूर रकमेवरची टक्केवारी कुठल्याही अनुदानाच्या अंदाजपत्रकात बसत नाही. मग ती बनावट बिलातून काढावी लागते, आणि त्या बिलावर सही तुमच्या खजिनदाराची असते. 'मंजुरी झाली आहे, आधी प्रोसेसिंगचे पैसे भरा' म्हणणाऱ्यालाही दारातून परत पाठवा. चेकने मोठी रक्कम देऊन तिच्यातला बराच भाग रोख परत मागणारे लोक हल्ली लहान संस्था शोधत फिरतात. तो सरळ गुन्हा आहे आणि त्यात संस्थेची नोंदणी जाते.

प्रश्न : केंद्रीय अनुदानातून दहा संगणक घ्यायचे होते. घासाघीस करून पैसे वाचवले आणि त्यात दोन प्रिंटर घेतले. आता वापर प्रमाणपत्र (अनुदान कशावर खर्च झालं त्याचा दाखला) परत आलं आहे. आमचं काय चुकलं?
— खजिनदार, साखळी

उत्तर : हेतू चांगला होता, पण मंजुरी दहा संगणकांची होती. वाचलेली रक्कम संस्थेची होत नाही. दुसऱ्या वस्तूवर ती खर्च करायला लेखी पूर्वपरवानगी लागते. आता मंजुरी देणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहून झालेला बदल, बिलं आणि सीएचा दाखला पाठवा आणि कार्योत्तर मान्यता मागा. ती मिळाली नाही तर प्रिंटरची रक्कम संस्थेच्या निधीतून परत भरा आणि जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-ए नमुन्यात प्रमाणपत्र नव्याने द्या. फाइल तशीच पडू देऊ नका. वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत प्रमाणपत्र गेलं नाही तर पुढचं अनुदान अडतं.

अनुदान पडून असताना बचत खात्यात त्यावर व्याज जमा झालं असेल, तर तेही सरकारचं. प्रमाणपत्रात दाखवा आणि परत करा. यापुढे प्रत्येक अनुदानाला वेगळं खातं ठेवा. मालमत्ता नोंदवहीत एकेका संगणकाचा अनुक्रमांक, बिल क्रमांक आणि कुठल्या खोलीत आहे ते लिहा. मशीनवर मंजुरीचा क्रमांक न पुसणाऱ्या शाईने घाला. मुख्यतः सरकारी पैशातून घेतलेली वस्तू परवानगीशिवाय विकता किंवा भंगारात काढता येत नाही, मग ती बंद पडून पाच वर्षं झालेली असली तरी. भंगारवाल्याला बोलावण्याआधी पत्र पाठवा.